खेळण्यातील गाडीचे विमान होताना

इतिहास शिकविणाऱ्याने विमानाविषयी लिहावे, याचे स्मरणिकेच्या वाचकांना नवल वाटेल. पण प्रसंगच तसा घडला. आठवीच्या वर्गात विमानाच्या शोधाचा विषय निघाला असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, राईट बंधूंच्या आधी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविले होते, हे खरे ना?" आम्ही उलट विचारले, "त्याचे वजन किती होते? पंखांचे क्षेत्रफळ किती?" त्याला सांगता येईना, आणि दोष त्याचा नव्हता. तळपदे ही व्यक्ती खरी, त्यांची विमानविद्येची ओढही खरी. परंतु त्या उड्डाणाची मोजमापे देणारा भरवशाचा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. या संदर्भात ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा हवाला दिला जातो, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला आहे. याउलट राईट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र आहे, वेळ आहे (१२ सेकंद) आणि अंतरही आहे (१२० फूट). वर्गाने हे निमूटपणे ऐकून घेतले. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मग आपणच एक करून बघू की, सर!"

एका वस्तूच्या भागांतून दुसरी वस्तू घडविण्याची रीत जुनी आहे. राईट बंधूंचे सायकलचे दुकान होते आणि त्यांच्या विमानाचे दोन्ही पंखे सायकलसारख्याच साखळ्यांनी फिरत. आपल्याकडे वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले आणि २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. आमची महत्त्वाकांक्षा तळहाताएवढ्या यंत्राची होती. यात्रेत मिळणारी, दुरून चालविता येणारी एक चिमुकली गाडी वसतिगृहाच्या कपाटात मोडून पडली होती. तिचे एक चाक हरवले होते, पण विमानाला त्याची गरज नव्हती.

अशा गाडीत विमानास हवे ते जवळजवळ सर्व असते. हातातील नियंत्रकातून साधारण २७ मेगाहर्ट्झ वारंवारितेच्या रेडिओलहरी निघतात. प्रत्येक बटणासाठी स्पंदनांची संख्या वेगळी. गाडीतील छोटी पाटी ती स्पंदने मोजते आणि 'पुढे' की 'डावीकडे' हे ठरवून त्या त्या भागाला वीज देते. अगदी लहान गाड्यांत पुढची चाके वळविण्यासाठी वेगळी मोटर नसते. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि एक लोहचुंबक असतो. वेटोळ्यातून वीज एका दिशेने गेली की चुंबक डावीकडे ओढला जातो, उलट दिशेने गेली की उजवीकडे. हाच चुंबक विमानाच्या शेपटीवरील सुकाणूला जोडला की वळणाची सोय झाली. मागच्या चाकांची मोटर पंख्याला द्यायची. मोटर फार वेगाने फिरते, पण तिच्यात जोर कमी. म्हणून गाडीचीच दातेरी चाके वापरून वेग उतरवायचा आणि मोठा पंखा फिरवायचा. थोडी हवा जोराने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश मागे ढकलणे कमी विजेत होते. 'मागे' हे बटण मात्र निकामी ठरते.

आमचे पहिले विमान उडाले नाही. हातातून सोडले की ते नाक खाली करून जमिनीवर येई. कोणी म्हणाले मोटर कमजोर, कोणी म्हणाले नशीब. आम्ही म्हणालो, वजन करा. विद्यालयाच्या तराजूला एक ग्रॅमखालचे काही कळत नाही, म्हणून सुटे भाग घेऊन आम्ही एका पालकांच्या चांदीच्या कारखान्यात गेलो. हुपरीत दहा मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा काटा शोधावा लागत नाही. पैंजणाचा हिशेबच त्यावर चालतो. आमचे विमान ३४ ग्रॅम भरले.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. आमचा पंख ३० सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे २४० चौरस सेंटिमीटर. एवढ्या पंखावर २० ग्रॅम वजन तरंगत ठेवण्यास सेकंदाला सुमारे साडेचार मीटर वेग पुरतो. मुलगा धावतो तेवढा. वजन ३४ ग्रॅम झाले की वेग सहा मीटरच्या घरात जातो आणि लागणारी शक्ती दुपटीहून अधिक होते. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, पण शक्ती त्याहून कितीतरी झपाट्याने वाढते. चाकांवरच्या गाडीला दहा ग्रॅम जास्त झाले तर कळतही नाही, कारण तिचे ओझे जमीन पेलते.

मग काटछाट सुरू झाली. जाड थर्माकोल तापल्या तारेने कापून तीन मिलिमीटरचा केला. धडासाठी पतंगाची बांबूची कामटी आली. जुन्या जड घटाऐवजी तीन ग्रॅमचा लिथियम घट आला. (हा घट हाताळताना पालकांनी जवळ असावे, त्याची दोन टोके एकमेकांस टेकली तर आग लागू शकते, आणि तो त्याच्यासाठीच बनविलेल्या चार्जरवरच भारित करावा.) तरीही दोन ग्रॅम जास्तच होते. ते कोठे आहेत हे आम्हांला दिसेना. ते एका अशा विद्यार्थ्याला दिसले, ज्याच्याविषयी शिक्षकदालनात नेहमी तक्रार असे: सुटीत घरी गेला की कारखान्यात बसतो, वही उघडत नाही. त्याने पाटी उलटी धरून म्हटले, "सर, डाग किती घातलाय!" चांदीच्या कामात डाग हलक्या कसाचा असतो, तो जास्त लागला तर दागिना आटल्यावर कस उतरतो. त्यामुळे घरात लहानपणापासून एकच शिस्त, सांधा भरेल एवढाच डाग. येथे सांधे कथलाचे होते, पण नजर तीच. त्याने सर्व सांधे पुन्हा तापवून जादा कथील उतरविले, लांबलेल्या तारा तोडल्या, गोंदाचे गोळे खरवडले. आम्ही ती तक्रार करणाऱ्यांपैकी एक होतो, हेही येथे नोंदविले पाहिजे.

अखेरचा हिशेब असा झाला: पाटी ३ ग्रॅम, मोटर, दातेरी चाके व पंखा मिळून ६, वेटोळे व चुंबक २, घट ३, पंख ३, धड व शेपटी ३. एकूण २०.

वजनानंतर तोल. आठ सेंटिमीटर रुंदीच्या पंखाखाली, पुढच्या कडेपासून सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटरवर बोटे टेकवून विमान समतोल राहिले पाहिजे. त्यासाठी घट पुढेमागे सरकवायचा. पंखांची टोके उघडलेल्या पुस्तकासारखी थोडी वर उचलावीत. सुकाणूने विमानाचे नाक वळले की बाहेरच्या बाजूच्या पंखाला हवा अधिक कोनात भेटते, तो वर उचलला जातो आणि विमान कलून वळते. म्हणूनच एकट्या सुकाणूवर काम भागते.

उड्डाण पहाटे करावे. या विमानाचा वेग ताशी १६ किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला तर ते जागच्या जागी थांबते. बटण सोडले की मोटर थांबते आणि विमान तरंगत खाली येते; नियंत्रकाचा टप्पा संपला तरी तसेच. दोन गाड्यांची वारंवारिता एकच असेल तर एका बटणावर दोन्ही चालतात, हे गल्लीतल्या एका मुलाने आपली गाडी मैदानाजवळ आणून आम्हांस दाखवून दिले. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला हौसेसाठी वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. तरी उजळाईवाडीचा विमानतळ फार दूर नाही, म्हणून आम्ही झाडांच्या शेंड्यांवर जात नाही.

पहिले खरे उड्डाण अकरा सेकंदांचे झाले आणि उसात संपले. विमान शोधण्यास पाऊण तास लागला. वेळ कोणी मोजली, अंतर कोणी पावलांनी मोजले, साक्षीला कोण होते, हे सर्व मुलांनी वहीत लिहून खाली सह्या केल्या आहेत. त्यांना आता विमान वर-खाली नेणारी पट्टी शेपटीवर हवी आहे. गाडीला वर-खाली जावे लागत नाही, त्यामुळे तिच्या पाटीत त्यासाठी बटणच नाही. 'मागे' या रिकाम्या बटणाकडून ते काम करून घेता येईल काय, यावर सध्या वसतिगृहात वाद चालू आहे.