तेच औषध, दोन मुले
१९९१ साली मी जव्हार शाखेत होतो. (पालघर जिल्हा पुढे २०१४ मध्ये झाला, तेव्हा ठाणेच.) आमच्या शिपायाचा पोरगा मोखाड्याला आजीकडे असे. गुडघा सुजला, भगत झाला, मग परळचे टाटा रुग्णालय. हाडाचा कर्करोग. सिस्प्लॅटिन आणि ते लालभडक डॉक्सोरुबिसिन. शेजारच्या खाटेवरच्या मुलालाही तेच. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा निदान ९० टक्के भाग मेलेला निघाला, तर औषध लागू पडले म्हणायचे. ह्याला पडले, त्याला नाही.

जीएसटीपी१ जनुकापासून बनणारे विकर सिस्प्लॅटिनला निकामी करू शकते. ते जनुक माणसागणिक किंचित निराळे. पण अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आमच्या ताळेबंदात असे चालले नसते! जनुकांच्या अभ्यासांत बहुतेक माणसे युरोपीय वंशाची; वारली-कातकरी शोधावे लागतील.

शिपायाचा पोरगा आज लंगडत किराणा दुकान चालवतो. शेजारच्याचे नाव मी विचारलेच नव्हते.