पाच पऱ्हाट्या आणि हजार तास

अर्धा किलो कापूस वेचायला परभणीजवळच्या पिंगळीच्या शिवारात सहा-सात मिनिटं लागतात. हात बसलेली बाई दिवसभरात ४०-५० किलो वेचते, त्या हिशेबात अर्धा किलो कुठे गेला ते कळायचंही नाही. पण तेवढ्याच कापसाचा दोरा करून मॅटीच्या कापडावर फुल्या भरायला बसलं, तर तो संपायला १,००० तास लागतात. रोज न चुकता एक तास धरला तरी पावणेतीन वर्षं.

घरोघरच्या ट्रंकांत अर्धवट गणपती, कमरेपर्यंत आलेली राधा आणि बिनपिसाऱ्याचे मोर घडी घालून ठेवलेले असतात. लग्नाच्या रुखवतात मांडायचं म्हणून काढलेलं चित्र त्याच मुलीच्या मुलीच्या लग्नापर्यंत रिंगमध्येच राहतं. याला आपण सरळ आळस म्हणून मोकळे होतो. मला हा आरोप मान्य नाही. काम सुरू करताना त्याचा आकार कुणी मोजत नाही, म्हणून ते अडतं. क्रॉस स्टिचचा, म्हणजे फुलीच्या टाक्याचा, आकडा एकदा नीट मांडून पाहिला की आळस नव्हे, अंकगणित समोर येतं.

हिशेब पिंगळीतूनच सुरू करायला हरकत नाही. परभणीहून पूर्णेकडे निघालेल्या गाडीचं हे पहिलं स्टेशन. जमीन काळी, खरिपात कापूस आणि सोयाबीन. दोऱ्याचं मूळ इथेच आहे. पण आधी कापड.

क्रॉस स्टिचसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मॅटीच्या विणीचं कापड इंचाला १४ घरांचं असतं. एक घर म्हणजे जेमतेम १.८ मिलिमीटर. चौरस इंचात १४ गुणिले १४, म्हणजे १९६ फुल्या. आपलं टपाल खात्याचं पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद. तेवढा तुकडा पूर्ण भरायचा तर साधारण ३,८०० फुल्या. सराव असलेला हात, रंग बदलणं, मोजणं, उसवणं सगळं धरून तासाला १२० फुल्या घालतो असं मानू. म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या जागेला ३२ तास! मजकूर लिहायला पाच मिनिटं लागतात त्या जागेला चार दिवसांची ड्यूटी.

आता खरं चित्र घेऊ. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रं घराघरांत पोचली. बायकांनी त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना जरी, टिकल्या, मणी लावून सजवलं. तसंच एखादं चित्र फुल्यांत उतरवायचं, आडवी ३०० घरं आणि उभी ४००. कापडावर ते २१ इंच बाय साडेअठ्ठावीस इंच होतं, बैठकीच्या खोलीत टांगायला बेताचं. पण फुल्या होतात १,२०,०००. तासाला १२० प्रमाणे बरोबर १,००० तास.

एका फुलीसाठी सुई कापडातून चार वेळा जाते, वर-खाली, वर-खाली. १,२०,००० फुल्यांना ४,८०,००० खेपा. दोरा हातभर, साधारण ४५ सेंटिमीटरचा घेतला तर सुरुवातीला पूर्ण लांबीचा ओढावा लागतो, शेवटी बोटभर उरतो. सरासरी एका खेपेला २५ सेंटिमीटर. गुणाकार करा: १२० किलोमीटर. एवढा दोरा त्या बाईच्या बोटांनी कापडातून खेचलेला असतो. पिंगळीहून रेल्वेने नांदेड गाठा आणि उलट पावली परत या, तरी १२० किलोमीटर भरत नाहीत. आणि हा सगळा प्रवास झाला कुठे, तर मांडीवरच्या दीड-दोन फुटांत.

मात्र प्रत्यक्ष कापडात राहिलेला दोरा त्या मानाने किरकोळ. एका फुलीत समोरचे दोन तिरके टाके आणि मागचे दोन उभे मिळून पावणेनऊ मिलिमीटर दोरा जातो. सगळ्या चित्रात एक किलोमीटरहून किंचित जास्त. खेचला १२०, राहिला एक. म्हणूनच जुन्या बायका लांब दोरा ओवू देत नाहीत. ४५ सेंटिमीटरच्या दोऱ्यात ४३ फुल्या बसतात, म्हणजे सुईजवळचा तुकडा जागेवर बसेपर्यंत सुमारे १७० भोकांतून घासून गेलेला असतो. दोरा मीटरभर घेतला तर हाच आकडा चारशेच्या पुढे जातो, दोऱ्याला केस येतात, चमक जाते. ओवायचा कंटाळा टाळायला गेलं की चित्र फिकं पडतं. आणि ओवायचं किती वेळा? एकाच रंगाचं सलग काम असतं तरी २,८०० वेळा. रंग ४०-५० असले की त्याहून पुष्कळच जास्त.

दोऱ्याची लडी आठ मीटरची, सहा पदरी. त्यातले दोन-दोन पदर काढून भरायचं. सुरू करताना आणि संपवताना जाणारे तुकडे धरून अशा चित्राला ६०-६५ लड्या लागतात. वजन? सगळ्या मिळून १२० ग्रॅमच्या आसपास. हजार तासांचं काम तळहातावर मावतं.

१२० ग्रॅम दोऱ्यासाठी, सूतगिरणीतली घट धरून, १७० ग्रॅम रुई लागते. रुई कापसाच्या वजनाच्या एक तृतीयांश, बाकी सरकी. म्हणजे अर्धा किलो कापूस, सव्वाशे ते दीडशे बोंडं. एका पऱ्हाटीला २५ बोंडं धरली तर पाच-सहा झाडं. तेवढीच. (भरतकामाचा चांगला दोरा अतिलांब धाग्याच्या कापसाचा असतो, आपल्याकडच्या नेहमीच्या संकरित वाणांचा नसतो. पण वजनाचा हिशेब तोच.)

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलल्यापासून ती लांबायला लागते आणि तीनेक आठवड्यांत २८ मिलिमीटरपर्यंत पोचते. मग आतून भिंत जाड करत बसते, बोंड फुटेपर्यंत. एका बोंडात असे दोन-तीन लाख तंतू. १२० ग्रॅम दोऱ्यात त्यांची संख्या अडीच कोटींच्या घरात जाते, दर फुलीमागे दोनशे. डोळ्याला ठिपका दिसणाऱ्या त्या फुलीत दोनशे पेशी पिळून बसवलेल्या आहेत, हे लक्षात आलं की उसवताना हात थोडा जपून चालतो.

एकराचा हिशेब मात्र चक्रावून टाकतो. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल कापूस धरा. अर्ध्या किलोचं एक चित्र, म्हणजे १,००० चित्रं. प्रत्येकी १,००० तास. दहा लाख तास. एकट्या बाईने रोज एक तास बसायचं ठरवलं तर एका एकरातला एका हंगामाचा कापूस टाक्यांत घालायला तिला २,७४० वर्षं लागतील. सम्राट अशोकाच्या आधी चार-पाच शतकं सुरू केलं असतं तर आत्ता कुठे होत आलं असतं. दुसऱ्या बाजूला २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. चित्रामागे शेतकऱ्याचे झाले ३७ रुपये ६० पैसे. तोही हमीभाव मिळाला तर.

इतकं मोठं काम कुणी पुरं केलंय का? केलंय. जोआना लोपियानोव्स्की-रॉबर्ट्स या बाईंनी मायकेलँजेलोचं सिस्टाइन चॅपेलचं अख्खं छत क्रॉस स्टिचमध्ये उतरवलं. ४० इंच बाय ८० इंच, ६,२८,२९६ फुल्या, ३,५७२ तास. आपला हिशेब इथे ताडून पाहता येतो: ३,२०० चौरस इंच गुणिले १९६ केले की ६,२७,२०० येतात, म्हणजे कापड तेच, इंचाला १४ घरांचं. वेग तासाला १७६ फुल्यांचा. आणि काम चाललं सुमारे दहा वर्षं. दहा वर्षांचे दिवस ३,६५०, तास ३,५७२. सरासरी रोजचा एक तास, जवळपास तंतोतंत! मायकेलँजेलोने मूळ छत १५०८ ते १५१२ या चार वर्षांत रंगवलं होतं. मान मोडून काम करणाऱ्या त्या माणसापेक्षा बसून टाके घालणाऱ्या बाईला अडीच पट वर्षं लागली.

पोलंडमध्ये तर १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईला सहाशे वर्षं झाली म्हणून यान मातेय्कोचं त्याच लढाईवरचं प्रचंड चित्र फुल्यांनी भरलं गेलं. सुमारे ८० लाख फुल्या. तासाला १७६ च्या वेगाने ४५,००० तास. रोज तासभर बसणाऱ्या एकट्या माणसाला १२४ वर्षं, म्हणजे तीन पिढ्यांचा वारसा. तीसहून अधिक जणांनी ते दोनेक वर्षांत संपवलं. इंग्लंडमधल्या लीक गावच्या ३५ बायकांनीही १८८५-८६ मध्ये फ्रान्समधल्या बायोच्या जुन्या भरतकाम केलेल्या पटाची सुमारे ७० मीटर लांबीची नक्कल अशीच वाटून घेऊन भरली. तो टाका फुलीचा नव्हता, पण रीत बघण्यासारखी आहे: जिचा तुकडा, तिचं नाव त्याच्या खाली टाक्यांनी लिहिलेलं.

आपल्याकडची मोजून भरायची परंपरा यापेक्षा कडक. धारवाड-हुबळी आणि इकडे सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या सीमाभागात कसुती चालते. इरकलीच्या पदरावर, काळ्या चंद्रकळेवर. खडूची रेघ नाही, छापलेली घरं नाहीत, कापडाचे धागे डोळ्यांनी मोजायचे. चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपली फुली. पण मला त्यातला गवंती जास्त विलक्षण वाटतो. जाताना एक सोडून एक टाका घालत पुढे जायचं आणि परतताना मोकळ्या जागा भरत निघाल्या ठिकाणी यायचं. गाठ मारायची नाही. उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या. या टाक्यात अर्ध्यावर सोडून देण्याची सोयच नाही, कारण अर्ध्यावर असताना सगळी रेघच तुटक असते.

फुलीत ती सोय आहे, तिथेच घोटाळा होतो. चेहरा, हात, दागिने हौसेने भरले जातात. मग उरते मागची भिंत किंवा आकाश. चित्राचा ४० टक्के भाग तो असला तर ४८,००० फुल्या एकाच रंगाच्या, ४०० तास तेच ते. बहुतेक कामं नेमकी इथे थांबतात. त्यात रोज एक तास हे गृहीतक शहरातही टिकत नाही, पिंगळीत तर मुळीच नाही. पेरणी आहे, खुरपणी आहे, दिवाळीच्या पुढे-मागे वेचणी आहे. आठवड्याला तीन तास मिळाले तरी नशीब. मग हजार तासांना साडेसहा वर्षं लागतात. मध्येच शेजारणीकडे नवा नमुना दिसला आणि तोही सुरू केला, तर दोन्ही मिळून तेरा.

पन्नाशीतल्या बाईने पंचाहत्तरीपर्यंत रोज तासभर भरलं, तर हाती येतात ९,१२५ तास. म्हणजे अशी मोठी चित्रं नऊ. पुढच्या २५ वर्षांत नऊच. आठवड्याला तीन तासांच्या हिशेबाने जेमतेम चार. नवा नमुना विकत घेताना हा आकडा डोळ्यांपुढे ठेवला तर दुकानदाराचं नुकसान होईल, पण ट्रंक रिकामी राहील.

संपवायचा मार्गही आकड्यांतूनच निघतो. अनुभवी माणसं कापडावर आधी दहा-दहा घरांच्या चौकटी आखून घेतात, पुसता येणाऱ्या पेनने किंवा काढता येणाऱ्या दोऱ्याने. एका चौकटीत शंभर फुल्या, ५० मिनिटं. १,२०,००० म्हटलं की धडकी भरते, १,२०० चौकटी म्हटलं की निदान मोजता येतात. चुकलेलं घरही त्याच चौकटीत सापडतं, पुढे पसरत नाही. कंटाळवाणी पार्श्वभूमी शेवटाला ठेवू नये. एक चौकट चेहऱ्याची, एक आकाशाची, असं चाललं तर शेवटचे ४०० तास अंगावर येत नाहीत. आणि भिशीतल्या दहाजणींनी दहा तुकडे वाटून घेतले तर रोज तासभर बसून तेच चित्र शंभर दिवसांत, संक्रांतीला धरलेलं अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पुरं होतं.

तेव्हा ट्रंकेतलं ते कापड बाहेर काढा आणि भरायच्या आधी मोजा. किती चौकटी उरल्या आहेत तो आकडा कापडाच्या कडेला पेन्सिलीने लिहा. दोनशेच्या आत असेल तर येत्या वर्षी संपेल, नवं काही घेऊ नका. हजाराच्या वर असेल आणि चित्रही आता आवडत नसेल, तर खुशाल सोडून द्या, दोरे काढून घ्या आणि मॅटी धाकटीला शिकायला द्या.