उजव्या कडेचा की डाव्या?

मुकुटबनात कबड्डीचा विषय काढलात तर चहाच्या टपरीवर पाय ठेवायला जागा उरायची नाही; फुटबॉलचा काढलात तर टपरीवाला फार तर आणखी एक चहा हवा का म्हणून विचारील. कापूस, कोळसा आणि अलीकडे सिमेंट यांवर चालणारे हे झरी-जामणी तालुक्यातले गाव. अशा गावात गेल्या पावसाळ्यात ओळीने चार संध्याकाळी कडाक्याचे भांडण झाले, आणि तेही कशावरून म्हणाल, तर कलकत्त्याच्या ईस्ट बेंगॉल क्लबात आजवर झालेला सर्वांत थोर कडेचा गडी कोण यावरून!

भांडणारे दोघे. एक वृद्ध बंगाली काका. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना १९६० नंतरच्या दशकात त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतल्या मुलचेरा-चामोर्शीच्या बाजूला, जमिनी दिल्या. त्यांतलेच हे एक कुटुंब. मुलगा इथल्या कारखान्यात लागला म्हणून काका इकडे आले. दुसरे पैनगंगेपलीकडून, आदिलाबादच्या बाजूने कापसाच्या व्यवहाराला येणारे रावसाहेब. मी मराठीचा मास्तर. मला पंच नेमले ते बहुधा मला यातले काही कळत नाही म्हणूनच.

काकांचा पक्ष जुना. १९४९ सालच्या सुमारास ईस्ट बेंगॉलच्या पुढच्या फळीत पाच गडी जमले : उजव्या टोकाला व्यंकटेश, त्याच्या आत अप्पाराव, मध्ये धनराज, डावीकडे आत अहमद खान आणि डाव्या टोकाला सालेह. कलकत्त्याने त्यांना पंच पांडव म्हटले. त्या एका वर्षी क्लबाने कलकत्त्याची लीग, आय. एफ. ए. शील्ड आणि आपल्या मुंबईचा रोव्हर्स कप असे तिन्ही मान पटकावले. शील्ड तर १९५१पर्यंत ओळीने तीनदा. काकांचे मत सालेहच्या बाजूने. डाव्या रेघेवरून सुटला की मागच्याला त्याची पाठच दिसायची, असे ते सांगत, जणू स्वतः पाहिले होते. पाहिले होते त्यांच्या चुलत्याने.

रावसाहेबांचा एकच हट्ट : बलराम! तुलसीदास बलराम सिकंदराबादचा, १९५७त ईस्ट बेंगॉलमध्ये आला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीवर आणि पेरूवर त्याने गोल केले. १९६२च्या जाकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात तो होता. पुढे आजारपणाने त्याचा खेळ ऐन तारुण्यात थांबला. रावसाहेब हे सांगताना घरच्या माणसाचे दुखणे सांगावे तसे सांगत. पण मला एक शंका आली, ती मी बोलून दाखवली. बलराम कधी टोकाला खेळे, कधी आत. मग त्याची सगळी थोरवी कडेच्या खात्यावर कशी मांडायची? रावसाहेब दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत.

प्रद्युत बर्मन असा एक गोलरक्षक आणि पी. के. बॅनर्जी असा एक उजव्या कडेचा वाघ, यांचीही नावे निघाली. पण पी. के. खेळला ईस्टर्न रेल्वेकडून. ईस्ट बेंगॉलला तो लाभला १९७२ पासून, शिक्षक म्हणून. त्याच्या हाताखाली उजव्या कडेला खेळला सुरजित सेनगुप्ता. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा पाच-शून्य असा फडशा पडला. त्यातला पहिला गोल सुरजितचा.

मी कौल सुरजितला दिला. कारणही सांगितले. पंच पांडवांच्या काळी पुढे पाच जण धावत, कडेच्या गड्याला हाताशी जोडीदार असे. १९५८त ब्राझीलने जग जिंकल्यावर सगळीकडे मागे चार जणांची भिंत उभी राहू लागली. सुरजितच्या काळापर्यंत ती पक्की झाली होती. त्यातून एकट्याने वाट काढणे अधिक कठीण नव्हे काय?

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही सोपे-कठीण मोजता. माझा चुलता तेव्हा सियालदह स्टेशनच्या फलाटावर राहत होता. घर गेले, नदी गेली. कोणामुळे, हेही तो सांगे, शिव्या देऊन सांगे. आणि मॅचच्या दिवशी हाच माणूस सालेह, अहमद म्हणून घसा फोडून ओरडायचा. त्या पाचांत बंगाली एकही नव्हता, सगळे दक्षिणेचे. पण क्लबाचे नाव आमच्या हरवलेल्या देशाचे होते ना!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कौल मात्र मी बदलला नाही. काकांनीही तशी अपेक्षा केली नाही.

चौथ्या संध्याकाळी पाऊस धरून होता. काकांनी टेबलावर पाच रिकामे कप ओळीने मांडले आणि सालेहचा कप हळूच कडेला सरकवला. रावसाहेब बघत होते. "आणि बलराम कुठे?" ते म्हणाले. काकांनी टपरीवाल्याला हाक मारून आणखी एक कप मागवला.