जन आरोग्य : भाग ३
पात्र आहात, पण नोंद झाली आहे का?

गेल्या आठवड्यात आपण जीवनदायी योजनेचा प्रवास पाहिला. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधींच्या नावाने नव्या रूपात आली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. आता रुग्णालयातला कक्ष एकच आणि तिथे बसणारा आरोग्यमित्रही एकच. पण त्याच्यापर्यंत पोचण्याच्या वाटा दोन आहेत आणि आपले घर कोणत्या वाटेवर आहे, हे अनेकांना आजार दारात येईपर्यंत कळत नाही.

केंद्राची वाट मुळात २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातून निघते. खेड्यात कच्च्या भिंती-छपराची एकच खोली, घरात १६ ते ५९ वयाचा कोणी नसणे, भूमिहीन मजुरी असे निकष होते. शहरात कचरावेचक, घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर यांच्या व्यवसायावरून निवड झाली. महाराष्ट्रातली ८३ लाखांहून अधिक कुटुंबे या यादीत आली. त्यासाठी कुणी अर्ज केला नव्हता, त्यामुळे यादीत असूनही तसे माहीत नसलेली घरे आजही सापडतात.

राज्याची वाट शिधापत्रिकेची. पिवळी, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी कार्डे आधीपासून पात्र होती. शुभ्र कार्डवाल्यांत शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतले शेतकरी तेवढे होते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही अट गेली. शुभ्र शिधापत्रिकाधारक आले, शिधापत्रिका नसलेल्या रहिवाशांसाठीही अधिवास प्रमाणपत्रावर सोय झाली. राज्याच्या वाटेने येणाऱ्या कुटुंबाला पूर्वी वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते, ते पाच लाख झाले आणि १ जुलै २०२४ पासून ही विस्तारित योजना अमलात आली. रक्कम माणशी नसून कुटुंबाला मिळून आहे. आधीपासूनचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात.

म्हणजे महाराष्ट्रात पात्रतेचा प्रश्न जवळपास मिटला आहे. खरी अडचण कागदावरच्या नावांची आहे आणि तिच्याकडे मला आज विशेष लक्ष वेधायचे आहे.

आयुष्मान कार्डासाठी आधारवर आधारित ई-केवायसी करावी लागते. मोबाइलवरच्या आयुष्मान ॲपवर ती घरबसल्या होते. आपले सरकार सेवा केंद्रात किंवा आशाताईंच्या मदतीनेही करता येते. संगणक तिथे आधारवरचे नाव आणि यादीतले नाव ताडून पाहतो. आधारवर ‘पांडुरंग’ आणि यादीत ‘पांडू’ असेल, जन्मवर्ष पाच-सहा वर्षांनी हुकलेले असेल, तर मंजुरी अडकते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेवरून कमी झालेले असते आणि सासरच्या पत्रिकेवर चढलेले नसते. पहिल्या बाळंतपणापर्यंत ती दोन्हीकडे नसते, ही माझ्या मते सगळ्यात मोठी गळती आहे. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत किंवा शहरातल्या शिधावाटप कार्यालयात नाव चढवून घेणे हे लग्नानंतरच्या पहिल्या कामांपैकी एक असायला हवे. विटभट्टीवर किंवा ऊसतोडीवर राबलेल्या हातांचे ठसे यंत्र घेत नाही. अशा वेळी ओटीपी किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा आग्रह धरावा. आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असला तर हे काम सोपे जाते.

बीडहून पश्चिम महाराष्ट्रात तोडीला गेलेल्या कुटुंबाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिधापत्रिका गावची असली तरी राज्यातल्या कोणत्याही अंगीकृत रुग्णालयात उपचार मिळतात. केंद्राच्या यादीतल्या घरांना सुरतेला कामाला असतानाही तिथल्या योजनेतल्या रुग्णालयात जाता येते.

सत्तरी ओलांडलेल्यांचा नियम वेगळा आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, शिधापत्रिकेचा रंग कोणी विचारत नाही. आधारवरचे वय पुरते. घर आधीच केंद्राच्या योजनेत असेल तर घरातल्या सत्तरीपुढच्या मंडळींना मिळून पाच लाखांपर्यंतचे स्वतंत्र जादा संरक्षण मिळते. निवृत्त केंद्रीय कर्मचारी किंवा माजी सैनिक सरकारी आरोग्य योजनेत असतील तर त्यांनी दोन्हींपैकी एक निवडायची. खासगी विमा असला तरी हरकत नाही. पेन्शनवरच्या आजी-आजोबांना ‘ही योजना गरिबांची’ म्हणून परत पाठवले जात असेल, तर तो नियम नाही, अज्ञान आहे.

कार्ड हाती नसताना अपघात झाला किंवा झटका आला तर? उपचार थांबायला नकोत. तातडीच्या प्रसंगी रुग्णालय फोनवरून मान्यता घेऊन उपचार सुरू करू शकते, कागदपत्रे मागाहून देता येतात. नातेवाइकांपैकी एकाने लगेच आरोग्यमित्राला गाठावे आणि आपले नाव नोंदवून घ्यावे. आधी पैसे भरून नंतर परतावा मागण्याची ही योजना नाही, म्हणून ही भेट पैसे भरण्याआधी व्हायला हवी. आरोग्यमित्र जागेवर नसेल तर १५५३८८ हा निःशुल्क क्रमांक आहे. केंद्राच्या योजनेसाठी १४५५५.

पुढील भागात : पूर्वमान्यता कशी मिळते आणि ती नाकारली गेली तर काय करायचे.