एका स्मृतीचे दोन वहिवाटदार

तोवर संगणकभाषा विकूनच नाव कमावलेल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८० साली ‘झेड-८० सॉफ्टकार्ड’ नावाचे एक कार्ड ३४९ डॉलरांस विक्रीला काढले. पॉल ॲलन यांना सुचलेल्या, टिम पॅटरसन यांनी प्रथम घडविलेल्या आणि डॉन बर्टिस यांच्या हातून सिद्धीस गेलेल्या या कार्डाचे प्रयोजन निखळ व्यापारी होते. कंपनीचा बहुतेक माल ८०८० आणि झेड-८० या प्रोसेसरांसाठी लिहिलेला, आणि ॲपल टू या संगणकात तर ६५०२ विराजमान. तेव्हा तो सारा माल नव्याने लिहीत बसण्यापेक्षा ग्राहकाच्या यंत्रातच परका प्रोसेसर नेऊन बसवावा, म्हणजे सीपी/एम ही कार्यप्रणाली आणि तिच्या आश्रयाने नांदणारी वर्डस्टारसारखी मातब्बर मंडळी आयतीच घरात येतील, असा तो हिशेब.

परंतु ॲपल टूची बस, म्हणजे पत्ते आणि माहिती वाहणाऱ्या तारांची जुडी, एकच, आणि तिच्यावरील स्मृतीही एकच. एका वेळी एकानेच पत्ता पुकारावा, हा बसचा अनुल्लंघनीय कायदा असल्यामुळे झेड-८० अंमलावर येताच कार्ड डीएमए नावाची तार खाली ओढून ६५०२ला बाजूला सारते. येथे एक पेच उभा राहतो: त्या काळच्या ६५०२च्या घड्याळाचे ठोके फार वेळ थांबविले, तर त्याच्या अंतरंगातील नोंदी विरून जातात. कर्त्यांनी यावर शोधलेला उपाय मला साऱ्या रचनेत सर्वांत देखणा वाटतो. झेड-८० प्रत्येक आज्ञा उचलल्यानंतर स्मृती ताजी करण्यासाठी किंचित अवकाश राखतो. ॲपलमध्ये ते काम पडद्यावर चित्र उमटविणारी यंत्रणाच परस्पर करीत असल्याने तो अवकाश रिकामा पडलेला होता, आणि नेमक्या त्याच फटीत पदच्युत ६५०२ला जगण्यापुरते ठोके पुरविले गेले.

कब्जाचा प्रश्न असा सुटला तरी पत्त्यांचा तंटा उरलाच. सीपी/एमला शून्यापासून वर सलग, अखंड जमीन हवी. ६५०२ने मात्र तळाची पहिली २५६ घरे आपल्या नित्याच्या कामासाठी, पुढची २५६ परतीचे पत्ते रचून ठेवण्यासाठी अडवून ठेवलेली, त्यांच्या थोडे वर पडद्यावरचा मजकूर, आणि साऱ्या उपकरणांची दारे तर वरच्या अंगाला मध्येच. म्हणून एकाच शेताला दोन दप्तरांत दोन निराळे सर्व्हे नंबर असावेत, तशी व्यवस्था कार्डावर केलेली आहे. ४ किलोबाइटांच्या प्रत्येक भागाच्या क्रमांकात ते सामान्यतः एक मिळविते, म्हणजे षोडशमान मोजणीत झेड-८०चे ०००० हे प्रत्यक्षात १००० होते. वरच्या अंगाला मात्र फेरफार असा, की ६५०२चा तळ झेड-८०ला एफ००० येथे, अगदी माथ्यावर, आणि उपकरणांची दारे ई००० येथे दिसावीत. तळाचे ४ किलोबाइट असे वगळल्यामुळे ४८ किलोबाइटांच्या ॲपलमध्ये सीपी/एमच्या वाट्याला ४४ येत. १६ किलोबाइटांचे लँग्वेज कार्ड जोडल्यास ५६.

सत्तांतराचा विधी अगदी साधा. कार्ड यंत्राच्या चौथ्या खाचेत असेल, तर झेड-८०ने ई४०० या पत्त्यावर काहीही लिहावे, की ६५०२ जागा होतो. त्याने सी४०० येथे लिहावे, की झेड-८० पुन्हा कारभार हाती घेतो, आणि अर्थात हे दोन्ही पत्ते एकाच ठिकाणाचे. हवाली करावयाचे मूल्य झेड-८० एफ०४५ येथे ठेवतो, ६५०२ ते ००४५ येथून उचलतो. कोणता उपप्रोग्राम चालवावयाचा त्याचा पत्ता मात्र ६५०२च्याच मोजणीत लिहून द्यावा लागतो, कारण भाषांतर तारांवरील पत्त्यांचे होते, स्मृतीत आकडा म्हणून साठविलेल्या पत्त्याचे नव्हे. ज्यांनी हे ध्यानात घेतले नाही, त्यांचा ६५०२ भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचे.

एवढे करूनही झेड-८० सर्वाधिकारी झाला नाही. ॲपल टू घडविणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी डिस्कची पुष्कळशी कामगिरी ६५०२च्या ठोक्यांच्या नेमक्या मोजणीवर सोपविलेली असल्यामुळे, सेकंदाला सुमारे २० लाख ठोके घेणाऱ्या या पाहुण्याला फाइलमधील एखादा तुकडा हवा झाला, की जवळजवळ निम्म्या गतीच्या यजमानाला उठवून स्वतः स्तब्ध राहावे लागे.