नात्याचा रकाना

सुरतेत उधन्याला माझ्या ओळखीचे दोघे राहतात. एक धुळ्याकडचा, दुसरा इथलाच, सुरती. अकरा वर्षं त्यांचा एकत्र संसार आहे. गेल्या पावसाळ्यात एकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलं. संमतिपत्रावर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. दुसऱ्यानं पेन उचललं, जरा थांबला आणि लिहिलं, 'मावसभाऊ'. मी शेजारीच उभा होतो. समलिंगी विवाहाचा विषय निघाला की मला तो रकाना दिसतो.

हे खूळ परदेशातून आलं, असं पुष्कळजण मनापासून मानतात. त्यांनी गुजरातचा 'मैत्री करार' आठवून बघावा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं दुसरी बायको करणं बंद झालं, तेव्हा विवाहित पुरुष परक्या बाईशी स्टॅम्पपेपरवर मैत्री नोंदवू लागले. त्या बाईच्या हाती बायकोचा हक्क कधीच पडला नाही. पण हाच कागद पुढे बडोद्याच्या दोन तरुणींनी आपल्या सहजीवनासाठी वापरला. कायदा दार उघडेना, म्हणून माणसं नोटरीकडे गेली. आणि गुजरातेतला पहिला अभिमान मोर्चा निघाला तो आमच्या सुरतेत, ६ ऑक्टोबर २०१३ रोजी. दोनच महिन्यांनी, ११ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं. मोर्चात चाललेली माणसं कायद्याच्या लेखी पुन्हा गुन्हेगार ठरली, ती ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत.

विवाहाच्या मागणीवर सर्वोच्च न्यायालयात २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत दहा दिवस सुनावणी झाली. केंद्रानं राज्यांची मतं मागवली. राजस्थान, आंध्र आणि आसामनं विरोध कळवला. महाराष्ट्रानं मुदत मागितली. फुले-आगरकरांचं नाव घेणाऱ्या राज्याला एवढंच सुचावं, हे मला फार लागलं. १७ ऑक्टोबरच्या निकालात पाचही न्यायमूर्तींचं एका गोष्टीवर एकमत होतं: लग्न हा घटनेतला मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा बदलणं हे संसदेचं काम. धनंजय चंद्रचूड आणि संजय किशन कौल यांनी निदान अशा सहजीवनाला मान्यता असावी असं म्हटलं. रवींद्र भट, हिमा कोहली आणि नरसिंह यांना तेही पटलं नाही. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. संसदेत सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्येच खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

लग्न संततीसाठी असतं, हा विरोधकांचा हुकमी मुद्दा. पण १९५४ चा विशेष विवाह कायदा वय विचारतो, आधीचा जोडीदार हयात आहे का विचारतो, निषिद्ध नातं विचारतो. मूल होणार का, हे विचारत नाही. साठीतल्या विधुर-विधवेचं लग्न आपण आनंदानं लावतोच की. मला जास्त वजनदार वाटते ती चळवळीतल्याच बायकांची शंका: ज्या मुली लग्नाच्या सक्तीतूनच घर सोडून पळाल्या, त्यांनी पुन्हा लग्नच का मागावं? आपण निवडलेल्या माणसाला कुटुंब मानावं, अशी मागणी त्यांच्यापैकी काहींनी न्यायालयात केली होती. दोन्ही वाटा खुल्या हव्यात, असं मला वाटतं.

नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये असा पहिला विवाह नोंदला गेला. थायलंडचा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आपल्याकडे २०२४ मध्ये केंद्रानं काही खुलासे केले: संयुक्त बँक खातं काढता येईल, जोडीदाराला नॉमिनी करता येईल, रेशनकार्डावर एक घर मानलं जाईल. हे मिळालं ते चांगलंच झालं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. उधन्याचं घर धुळेवाल्याच्या एकट्याच्या नावावर आहे. उद्या त्याला काही झालं तर अकरा वर्षं भाऊबीजेलाही न बोलावणारे नातलग कायदेशीर वारस म्हणून उभे राहतील.

म्हणून या दिवाळीआधी दोघं मृत्युपत्र करणार आहेत. त्यावर दोन साक्षीदार लागतात. एक मी आहे. दुसरा अजून मिळालेला नाही.