गोड्या पाण्याची जखम

लाकडी जहाज समुद्राच्या पाण्याने कुजतं असं आपल्याला वाटतं. खरं तर खारं पाणी लाकूड बऱ्यापैकी राखतं. टेरेडोसारखे लाकूड पोखरणारे जीव सोडले तर समुद्राचा त्याला फारसा जाच नाही. घात करतं ते पावसाचं पाणी. डेकच्या एखाद्या सैल सांध्यातून ते थेंबाथेंबाने आत उतरतं, बाहेरच्या आणि आतल्या फळ्यांमधल्या बंद पोकळीत साचतं आणि तिथे बुरशी धरते. बाहेरून रंग चकचकीत, आत फासळीचा भुगा! कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, ते उगाच नव्हे.

‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ या जहाजाची कहाणी म्हणूनच समजून घेण्यासारखी आहे. देवमाशांच्या शिकारीसाठी अमेरिकेत बांधलेल्या लाकडी जहाजांपैकी आज उरलेलं हे एकमेव. १८४१ साली न्यू बेडफर्ड बंदरात ते पाण्यात उतरलं. पुढच्या ८० वर्षांत त्याने ३७ सफरी केल्या आणि १९४१ पासून ते कनेक्टिकट राज्यातल्या मिस्टिक सीपोर्ट या संग्रहालयात आहे. तिथे कित्येक वर्षं ते धक्क्यालगत वाळूत रुतवून उभं केलेलं होतं. १९७०च्या दशकात ते पुन्हा तरंगू लागलं. नंतर वरच्या भागाची मोठी दुरुस्ती झाली. पाणरेषेखालचं पोट मात्र राहिलं होतं.

नोव्हेंबर २००८ मध्ये जहाज पाण्याबाहेर घेतलं आणि त्या पोटाला हात लागला.

लाकडातली छुपी कूज शोधण्याची जुनी पद्धत साधी असते. हातोडीने फळी ठोकत जायचं. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. शंका आली की आरी टोचायची किंवा बारीक गिरमिटाने भोक पाडून बाहेर येणारा भुसा बोटांत चोळून पाहायचा. तो कोरडा, फिकट असला तर ठीक. काळपट, ओलसर असला तर फळी काढायचीच. मिस्टिकच्या कारागिरांनी याला नव्या साधनांची जोड दिली. लेझर स्कॅनने जहाजाचा आकार टिपला आणि लाकडाच्या पोटातले बोल्ट कसे आहेत हे पाहायला एक्स-रे काढले.

एक्स-रेची गरज का पडावी? कारण लोखंडी बोल्ट दोन्ही टोकांना धडधाकट दिसतो आणि मधेच, दोन लाकडांच्या सांध्यापाशी, गंजून बारीक झालेला असतो. ओकच्या लाकडातलं टॅनिन लोखंड खातं आणि गंजणारं लोखंड भोवतालचं लाकूड मऊ करतं. दोघं एकमेकांना संपवत असतात आणि बाहेर त्याचा मागमूस नसतो.

निदानापेक्षा लाकूड मिळवणं अवघड ठरलं. जहाजाच्या फासळ्यांना वाकडं लाकूडच लागतं. सरळ ओंडक्यातून कापलेल्या वाकड्या तुकड्यात रेषा मधेच तुटतात आणि तो ताणाखाली चिरतो. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइव्ह ओकच्या फांद्या मुळातच वाकलेल्या असतात, शिवाय हे लाकूड इतकं जड की ओलं असताना पाण्यात बुडतं. २००५च्या कॅटरिना वादळात असे वृक्ष उन्मळून पडले होते. त्यातलं लाकूड मिस्टिकला आलं. पुढे बॉस्टनमधल्या चार्ल्सटाउनला एका रुग्णालयाचा पाया खणताना जुन्या नौदल गोदीने जहाजांसाठी साठवलेले लाइव्ह ओकचे ओंडके निघाले. चिखलात हवा न लागल्यामुळे ते टिकले होते. आपल्याच काळातलं लाकूड या जहाजाला मिळावं, याहून चांगला योग तो कोणता?

फळ्या बसवण्याचं काम पाहण्यासारखं असतं. जाड ओकची फळी वाफेच्या पेटीत ठेवतात. एक इंच जाडीला साधारण तासभर वाफ, असा कारागिरांचा हिशोब. बाहेर काढली की काही मिनिटांतच ती फासळ्यांवर वाकवून शिकंज्यांनी आवळायची असते. गार झाली की ती वाकत नाही. मग फळ्यांच्या फटींत कापूस आणि डांबरात भिजवलेला ताग ठासून भरायचा. जहाज पाण्यात उतरलं की लाकूड फुगतं आणि सांधे आणखी घट्ट होतात.

२१ जुलै २०१३ रोजी, पहिल्या जलावतरणाच्या तारखेलाच, मॉर्गन पुन्हा पाण्यात उतरलं. धक्क्याला बांधून ठेवण्यापुरती दुरुस्ती पुरेशी होती. संग्रहालयाने समुद्रात जाण्याइतकी केली, हा निर्णय धाडसाचा आणि योग्य होता. कारण पोट खरोखर सांधलं आहे की नाही, हे लाटांवरच कळतं. २०१४च्या उन्हाळ्यात जहाज अडतिसाव्या सफरीला निघालं, न्यू बेडफर्डला आपल्या जन्मबंदरी गेलं आणि बॉस्टनला जाऊन सुखरूप परतलं.

आज मिस्टिकला गेलात तर डोलकाठ्या पाहून झाल्यावर आत, खालच्या पोटात जरूर उतरा. वरचं बहुतेक लाकूड पावसाने खाल्लं म्हणून बदलावं लागलं. खाऱ्या पाण्यात राहिलेला तळाचा कणा मात्र अजून १८४१चाच आहे.